एका गाण्याचे हक्कसोडपत्र

मी माझं गाणं जनतेला फुकट द्यायचं ठरवलं, तेव्हा जनता रांग लावील अशी माझी समजूत होती. जनतेने कागद मागितला.

मी नीळकंठ पिंपळखुटे, नेरच्या भूमि अभिलेख कार्यालयात शिरस्तेदार. हुद्दा मुद्दाम सांगतो, कारण पुढे जे घडलं त्यात हुद्द्याचा वाटा मोठा आहे. जमिनी मोजणं, नकाशे, नोंदी, नोटिसा आणि नकला यांत माझी तीस वर्षं गेली. या तीस वर्षांत कोणी आपला हक्क हसतमुखाने सोडलेला मी पाहिलेला नाही. त्यामुळे एखाद्या गोष्टीवरचा हक्क आपण स्वतः, कोणी न मागता, सोडून द्यावा ही कल्पनाच मला फार उमदी वाटली.

गाणं मी गळ्यातून काढलेलं नाही. माझ्या गळ्याबद्दल घरात एकमत आहे. ते मी लिहिलं, आणि तेही संगणकाच्या भाषेत. आमची ऋचा नोकरीसाठी पुण्याला गेली तेव्हा तिचा जुना लॅपटॉप घरी ठेवून गेली. त्यात तिने मला संगीताची एक भाषा घालून दिली. या भाषेत सुरांना आकडे असतात. साठ म्हणजे सा, बासष्ट म्हणजे रे, चौसष्ट म्हणजे ग. एका ओळीत लिहायचं, 'साठ वाजव'. पुढच्या ओळीत लिहायचं, 'अर्धी मात्रा थांब'. हुकूम इंग्रजीत द्यावे लागतात, पण मतलब हाच. ज्याने जन्मभर टिप्पण्या लिहिल्या त्याला असल्या भाषेची काय भीती? उलट मी लिहिलेल्या ओळीवर कोणीतरी ताबडतोब अंमल केला, असं नोकरीत कधी न घडलेलं मी रोज संध्याकाळी घरी अनुभवू लागलो.

तीन महिन्यांत बेचाळीस ओळींचं गाणं तयार झालं. वरातीत वाजवण्यासारखं, ठसकेबाज. मी ते कुंदाला ऐकवलं. कुंदा म्हणजे माझी पत्नी. ती म्हणाली, "छान आहे. बंद करा आता."

वरातीचंच गाणं का, तर संघदीपमुळे. संघदीपचं बसस्टँडजवळ व्हिडिओ शूटिंगचं दुकान आहे. नेर, दारव्हा, बोरी अरब या पट्ट्यातली निम्मी लग्नं तो काढतो आणि इंटरनेटवरच्या आपल्या चॅनेलवर टाकतो. लोक ती बघतात आणि त्यावरून त्याला पुढच्या ऑर्डरी देतात. "गिऱ्हाईक आता दुकानात येत नाही काका, चॅनेलवर येते," असं तो मला एकदा पासपोर्टचे फोटो काढता काढता म्हणाला होता. पण वराती म्हटल्या की बँड आला, बँड म्हटला की सिनेमातलं गाणं आलं, आणि त्या गाण्याचा मालक कुठेतरी लांब बसलेला असतो. त्याच्या मशीनला ते बरोबर ऐकू जातं. अशाने संघदीपच्या चॅनेलला दोन ताकिदी आल्या होत्या. तिसरी आली की चॅनेल बंद, आठ वर्षांची लग्नं गडप, आणि त्यांच्याबरोबर त्याचा धंदाही. मे महिन्यात बोरी अरबला त्याच्या मामेबहिणीचं, दीपाचं लग्न होतं. घरचंच लग्न आणि ते चॅनेलवर टाकायची चोरी.

"वरात मुकीच ठेवा लागते आता," तो म्हणाला. "माणसं नाचून राह्यले अन् आवाज काहीच नाही. पाहणाऱ्याले वाटते, गावाले मिरगी आली."

मी दुसऱ्याच दिवशी लॅपटॉप घेऊन त्याच्या दुकानात गेलो आणि गाणं ऐकवलं. त्याने दोनदा ऐकलं. मान हलवली. पायही हलवला, हे मी खाली वाकून पाहिलं.

"गाणं झकास हाय काका. पण हे हाय कोणाचं?"

"माझं. आणि आता तुझं. सगळ्यांचंच. वाजव, बदल, वाट."

त्याचा पाय थांबला. "तसं नका बोलू. फुकट हाय म्हणणारे लय भेटले मले. दुसरी ताकीद ज्या गाण्यावर आली, तेही मी फुकटच म्हणून घेतलतं. उद्या तुमचा एखादा भाऊबंद उभा राह्यला तं मी कोठी जाऊ? मले कागद द्या."

मला राग यायला हवा होता, पण आला नाही. कागद मागणाऱ्या माणसाबद्दल माझ्या मनात आपोआप आदर निर्माण होतो.

मी ऋचाला फोन केला. ती म्हणाली, "बाबा, सोपं आहे. गाण्याच्या वर एक ओळ लिहा. कोणीही वाजवावं, बदलावं, वाटावं, माझा हक्क नाही. जगभर लोक असंच करतात." जगभर करत असतील. जगभरच्या लोकांनी नेर तालुक्यात नोकरी केलेली नाही. एका ओळीने हक्क सुटत असता तर आमच्या कार्यालयाला इमारत कशाला लागली असती? मी तिला 'बरं' म्हटलं आणि तहसीलच्या आवारात लिंबाखाली बसणाऱ्या देवरावकडे गेलो.

देवराव हा आमच्या गावचा अर्जनवीस. दाखल्याचा अर्ज असो की वाटणीचा दस्त, नेरमध्ये कागद म्हणजे देवराव. त्याच्याकडे हक्कसोडपत्राचा एक जुना नमुना आहे. बहीण भावांच्या लाभात बापाच्या जमिनीतला हिस्सा सोडते, त्यासाठीचा. त्यातला एकही शब्द बदलायला तो तयार नसतो, कारण त्या नमुन्यावर आजवर कोणी बोट ठेवलेलं नाही.

"मिळकतीचं वर्णन सांगा साहेब."

"गाणं. बेचाळीस ओळी."

त्याने लिहिलं. "चतुःसीमा?"

"गाण्याला चतुःसीमा नसतात देवराव."

"नमुन्यात हाय. रिकामी ठेवली तं वर अडते."

तेही खरंच होतं. मी स्वतः रिकामी चतुःसीमा पाहून कितीतरी दस्त परत पाठवले आहेत. मग विचार करून मी सांगितलं, पूर्वेस शांतता, पश्चिमेस शांतता, दक्षिणेस ढोलकीचा ठेका.

"अन् उत्तरेस?"

"उत्तरेस खुली जागा लिहा."

"हक्क कोणाच्या लाभात सोडला?"

"समस्त जनतेच्या."

देवरावने टाईपरायटरवरचे हात उचलले. "समस्त जनतेचा आधार नंबर लागन न मग. अन् दोन फोटो."

अर्धा तास आम्ही यावर चर्चा केली. शेवटी समस्त जनतेच्या वतीने संघदीपने सही करावी असं ठरलं. मी निघताना देवराव सहज म्हणाला, "तुमच्यासारख्याले मी काय सांगाव? पण आधी जाहीर नोटीस काढा. पंधरा दिवसांत हरकत आली नाही, की कागद पोलादी."

इथे मी माझ्या आयुष्यातली सगळ्यात व्यवस्थित चूक केली. नोटिशीचा मसुदा मी स्वतः केला. 'तमाम जनतेस कळविण्यात येते की, खाली सही करणार याने स्वतः तयार केलेल्या एका गाण्यावरील आपला संपूर्ण हक्क सोडण्याचे योजिले आहे. याबाबत कोणास काही हरकत असल्यास त्यांनी ती आजपासून पंधरा दिवसांचे आत लेखी कळवावी. मुदतीनंतर आलेल्या हरकतीचा विचार केला जाणार नाही.' एक प्रत तालुक्यातल्या साप्ताहिकात दिली, एक बसस्टँडवर लावली, एक आमच्या फाटकावर चिकटवली. फाटकावरची प्रत मी रस्ता ओलांडून, पलीकडून पाहिली. फार सुबक दिसत होती.

आता, ज्या बांधाकडे वीस वर्षं कुत्रं फिरकलेलं नाही, त्या बांधाची नोटीस लागली की सकाळी अकरापर्यंत चार हरकती येतात, हे माझ्याइतकं कोणाला माहीत असणार? माणसाला हरकत असते असं नाही. पण सरकारी भाषेत कोणी आपल्याला विचारतंय म्हटल्यावर 'हरकत नाही' म्हणणं त्याच्या जिवावर येतं. हे सगळं मला ठाऊक होतं. पण ते दुसऱ्यांच्या जमिनीबाबत. स्वतःच्या गाण्याबाबत मला वाटलं, की लोक नोटीस वाचतील, हळवे होतील आणि घरी जातील.

पहिली हरकत दुसऱ्याच सकाळी फाटकावर आली. आमच्या फाटकाशेजारी पंचफुलाबाई भाजीचा गाडा लावतात. त्यांनी नोटीस कोणाकडून तरी वाचून घेतली होती आणि त्यातलं 'संपूर्ण हक्क सोडण्याचे योजिले आहे' एवढंच त्यांच्या ध्यानात राहिलं होतं. कागद फाटकावर लावला, म्हणजे फाटक सोडलं, असा त्यांचा हिशेब.

"साहेब, घर कोणालेही देजा," त्या म्हणाल्या, "पण माह्या गाड्याची जागा हलवाची नाही. बारा वर्षांपासून उभी हाय मी इथी."

मी त्यांना समजावलं की घर नाही, गाणं आहे. त्यांनी संशयाने माझ्याकडे पाहिलं. "गाण्यासाठी कोणी नोटीस लावते का? मले येडी नका समजू. लिहून घ्या हरकत." मी लिहून घेतली. अंगठा नको, सही करते म्हणाल्या, आणि सुरेख सही केली.

दुसरी हरकत वरच्या मजल्यावरून उतरली. तिथे शामराव राहतात, निवृत्त पोस्टमास्तर. आमचे भाडेकरू असले तरी वागणूक घरमालकाची. त्यांची हरकत तीन पानी होती आणि तत्त्वतः होती. गाण्याला त्यांचा विरोध नव्हता, सोडण्यालाही नव्हता, पण इतक्या सहजासहजी काही सोडलं जाऊ नये असं त्यांचं म्हणणं होतं. शेवटी त्यांनी लिहिलं होतं, 'गाणे फार धावते, त्यास उसंत नाही.' म्हणजे ते त्यांनी वरून, फरशीतून ऐकलं होतं.

तिसरी भावसिंगची. भावसिंगचा ब्रास बँड आहे. राहणार दारव्ह्याकडच्या तांड्यावर, पण सीझनमध्ये त्याचा मुक्काम नेरलाच असतो. तो कॉर्नेट काखेत मारूनच आला. "साहेब, मशीन गाणं वाजवून राह्यली अन् तेही फुकट. उद्या लोक म्हणतीन, बँडही फुकट वाजव. बारा माणसं हायेत माह्याजवळ. हरकत घ्या."

आणि चौथी हरकत मला चहाच्या कपाखाली सापडली. अर्जदार, कुंदा नीळकंठ पिंपळखुटे. 'मी दुपारी गुणगुणते ती चाल सदर गाण्याच्या ओळ क्रमांक एकवीस ते सव्वीसमध्ये माझ्या परवानगीशिवाय घेण्यात आली आहे. कृपया पोच द्यावी.' मी काही बोलणार तोच ती म्हणाली, "पोच द्या आधी. तोंडी काही ऐकणार नाही मी. तुम्हीच शिकवून राहिले ना इतकी वर्षं?"

मी पोच दिली.

हरकती आल्या म्हणजे सुनावणी आली. पंधरावा दिवस रविवार होता आणि दीपाचं लग्न त्याच्या पुढच्या रविवारी. मी दिवाणखान्यात टेबल मांडलं, हरकतींची वही ठेवली, कूलरमध्ये पाणी भरलं. देवरावला कागदांसाठी आणि संघदीपला जनतेच्या वतीने बोलावलं. कुंदाने चिवडा केला, पण बसली मात्र हरकतदारांच्या बाजूला.

"हरकतदार क्रमांक एक," मी पुकारा केला. पंचफुलाबाई उठल्या आणि म्हणाल्या, ज्या गाण्यापायी हे सगळं चाललंय ते त्यांनी अजून ऐकलेलंच नाही. मुद्दा बिनतोड होता. मी गाणं लावलं.

गाणं संपलं. मग भावसिंग खुर्चीत पुढे सरकला. "साहेब, राग नका धरू. तिसऱ्या कडव्यात सूर पडते तुमचा. माणूस नाचतानी वर जाते न, तिथीच तुम्ही त्याले खाली पाडता." त्याने कॉर्नेट काढला आणि ती जागा वाजवून दाखवली, वर चढवून. कूलरचा आवाज दबला आणि गल्लीतली दोन माणसं खिडकीशी आली. मी अकराव्या ओळीतला अठ्ठावन्न खोडून पासष्ट केला. माझी मान खाली गेली हे खरं, पण गाण्याची वर आली, हेही मला तिथल्या तिथे कबूल करावं लागलं.

मग थांबतंय कोण? शामरावांनी तिसऱ्या कडव्यानंतर एक पूर्ण मात्रा शांतता मागितली. मी ती घातली, आणि गाण्याने खरोखरच दम घेतला. पंचफुलाबाई म्हणाल्या, "सुरवातीची ओळ दोनदा घ्या. पयल्या वेळी कोणीच आयकत नाही. भाजीवालीले इचारा." तीही घेतली. देवराव वहीत एकेक फेरफार नोंदवत होता. 'ओळ ११, ५८ ऐवजी ६५, भावसिंग. ओळ १६, शांतता एक मात्रा, शामराव.'

शेवटी कुंदा. मी म्हटलं, ती चाल मला आपोआप सुचली आहे, कोणाची घेतलेली नाही. डोळे मिटून तिने ती गुणगुणली. ओळ एकवीस ते सव्वीस, जशीच्या तशी. फक्त शेवट वेगळा. माझा शेवट वर जाऊन लटकत होता, तिचा अलगद खाली उतरत होता. खोलीतले सगळे माझ्याकडे बघू लागले. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली. रोज दुपारी नाही, पण रविवारी आणि सुटीच्या दिवशी ती चाल माझ्या कानावरून जात होती आणि मी पेपर वाचत होतो. मला फार लाज वाटली. त्याहून जास्त आनंद झाला, पण सुनावणीत तो दाखवता येत नाही.

"शेवट तुम्ही चुकवला," ती म्हणाली. मी शेवट दुरुस्त केला.

पाच वाजता आम्ही पूर्ण गाणं लावलं. ते आता अठ्ठेचाळीस ओळींचं झालं होतं आणि, खोटं कशाला बोलू, माझ्या बेचाळीस ओळींपेक्षा कितीतरी चांगलं होतं. संघदीपचे दोन्ही पाय हलत होते. "बस काका," तो म्हणाला. "आता फक्त कागद."

देवरावने घसा साफ केला. "कागद तं होऊन जाईन. पण आता मिळकतीत पाच हिस्सेदार झाले. पाचही जणांनी हक्क सोडला पाह्यजे."

मी हसून हरकतदारांकडे वळलो. हसू मग तसंच माझ्या तोंडावर राहून गेलं.

"पासष्ट माहा हाय," भावसिंग म्हणाला. "मी कायले सोडू? मी वाजवीन, पण सोडणार नाही."

शामराव म्हणाले, त्यांची शांतता हा त्यांच्या सेवानिवृत्त जीवनातला एकमेव निर्मितीचा क्षण आहे. पंचफुलाबाईंनी आजवर कोणत्याही कागदावर काही सोडलेलं नव्हतं आणि नवी सुरुवात करायची त्यांची इच्छा नव्हती. मी कुंदाकडे आशेने पाहिलं. ती म्हणाली, "अठ्ठावीस वर्षांनी एक गोष्ट माझ्या नावावर लागून राहिली, ती लगेच सोडून देऊ?"

संघदीप उठला. त्याला राग आला असता तर बरं झालं असतं, पण तो नुसताच कोमेजला. "एका मालकाची भीती होती काका. तुम्ही पाच करून ठेवले. जाऊ द्या, दीपाचीही वरात मुकीच टाकतो. तिसरी ताकीद मले परवडत नाही."

तो गेल्यावर उरलेल्यांनी आपापल्या हिश्श्याचा पुरावा मागितला. पक्षकाराला नक्कल मिळण्याचा हक्क आहे, तो मी नाकारू शकत नाही. मी अठ्ठेचाळीस ओळी आणि वाजवलेलं गाणं, दोन्ही चौघांच्या मोबाईलवर पाठवलं आणि खाली लिहिलं, 'खरी नक्कल'. त्या आठवड्यात मग काय झालं ते मला तुकड्यातुकड्यांनी कळलं. शामरावांनी नक्कल पेन्शनरांच्या ग्रुपवर टाकली आणि शांतता नेमकी कुठे आहे ते कळवलं. पंचफुलाबाई गाड्यावर मोबाईल ठेवून गिऱ्हाइकाला सुरुवातीची ओळ दोनदा ऐकवू लागल्या आणि बोरी अरबला, त्यांच्या माहेरीही त्यांनी ती पाठवली. भावसिंगने आपल्या बारा माणसांना पासष्ट शिकवला. मी मात्र बसस्टँडवरून जाणं टाळत होतो. संघदीपला तोंड दाखवायची माझी हिंमत नव्हती. एका माणसाने गाणं घ्यावं म्हणून मी इतकं केलं, आणि ज्याला ते हवं होतं त्याला सोडून ते सगळ्यांकडे पोचलं होतं.

लग्नाला आमंत्रण होतंच. शामराव, पंचफुलाबाई, कुंदा आणि मी, असे एकाच जीपमध्ये बोरी अरबला गेलो. सकाळचे दहा वाजले होते. मांडवात मंचावर बुद्धमूर्तीपुढे फुलं मांडली होती, पांढऱ्या साड्यांची लगबग चालली होती, आणि नवरदेवाची वरात नुकती वळणावर आली होती. पुढे भावसिंगचा बँड. त्यांचं आधीचं गाणं संपलं, भावसिंगने कॉर्नेट पुसला, आणि सुरू केलं ते आमचं.

सुरुवातीची ओळ दोनदा झाली. दुसऱ्यांदा लोक सरकून आत आले. तिसऱ्या कडव्यात पासष्टला सगळी वरात एकदम वर गेली, मग ती शांततेची एक मात्रा आली, आणि ढोल पडायच्या आधी दोनशे माणसं श्वास रोखून एका पायावर उभी होती. शामरावांनी माझा दंड घट्ट धरला. मग कुंदाची चाल आली, आणि ती मी लिहिली तशीही नव्हती, तिने गुणगुणली तशीही नव्हती. बँडने तिला आणखी एक वळसा दिला होता. बायका तिच्यावर टाळ्या धरत होत्या.

संघदीप गर्दीतून कॅमेरा सांभाळत आमच्याकडे आला. त्याचा चेहरा उतरला होता. "काका, हे तं आपलं ते पाच मालकांचं. बंद कराले सांगा भावसिंगले. नाहीतं पूर्ण वरात मुकी करा लागते मले."

"बंद कायले?" आमच्या शेजारी खुर्चीवर बसलेले दीपाचे आजोबा म्हणाले. वय ऐंशीच्या वर, फेटा पक्का, हातात काठी. "आमच्या गावचं गाणं हाय हे. जुनं हाय. माह्या वरातीत वाजलतं."

संघदीप थांबला. त्याने हळूच कॅमेरा आजोबांकडे वळवला. "बाबा, पुन्हा सांगा. कोणाचं हाय गाणं?"

"कोणाचं म्हणजे? गावाचं. गाण्याले का मालक असते?"

मग कॅमेरा माझ्याकडे वळला. लाल दिवा चालू होता. "काका, तुम्ही सरकारी माणूस. कागद नाही तं रेकॉर्डवर सांगा. बाबा म्हणतात ते खरं हाय काय?"

मी कॅमेऱ्याकडे पाहिलं, आणि ते आनंदाने नव्हे. रागाने. बेचाळीस ओळी माझ्या होत्या. तीन महिन्यांच्या संध्याकाळी माझ्या होत्या. तीस वर्षं मी लोकांची नावं रकान्यात नीट भरली आणि आयुष्यात एकदा माझं नाव कुठेतरी लागणार होतं, तर ते पुसायला एक आजोबा आले होते आणि त्यांना ते माहीतही नव्हतं. 'माझी हरकत आहे' हे शब्द अगदी जिभेवर आले. समोर संघदीप कॅमेऱ्याच्या मागून एकच डोळा उघडा ठेवून माझ्याकडे बघत होता. त्या डोळ्यात त्याचं आठ वर्षांचं दुकान होतं. आणि कुंदा टाळ्या वाजवायची थांबली होती.

"खरं आहे," मी म्हटलं. "जुनं आहे हे. मी लहानपणापासून ऐकतोय."

मग कुंदा म्हणाली, "आमच्याकडेही म्हणायचे." पंचफुलाबाई म्हणाल्या, "माहं माहेर हाय इथी. मले नाही का माईत?" शामरावांनी चष्मा काढला, पुसला, आणि तत्त्वतः कसलीही हरकत न घेता म्हणाले, "प्राचीन आहे." भावसिंगने वाजवता वाजवता हे ऐकलं असावं, कारण त्याने कॉर्नेट तोंडावरून काढला, माझ्याकडे पाहिलं, आणि मोठ्याने सांगितलं, "माह्या बापानं शिकवलं मले." मग पुन्हा पासष्टवर चढला.

संघदीपने आवाज बंद केला नाही. तो तसाच नाचणाऱ्यांत घुसला.

आजोबा काठी टेकत उठले आणि माझा हात धरून मला वरातीत ओढलं. मी नाचतो ते पाहण्यासारखं नसतं. शांततेच्या मात्रेला माझा पाय खाली आला आणि ढोलाच्या वेळी वर राहिला.

"साहेब, ठेका चुकून राह्यला तुमचा," आजोबा म्हणाले. "बाहेरचे दिसता. हे आमच्या गावचं गाणं हाय, असं एकदम नाही जमत कोणाले."

"शिकवा मग," मी म्हटलं.